शर्करालेपित जैवसंवेदक

शर्करालेपित जैवसंवेदक म्हणजे पृष्ठभागावर शर्करेचे रेणू पक्के बसवलेले असे उपकरण. या शर्करांना येऊन चिकटणारी प्रथिने, जिवाणूंची विषे, जिवाणू किंवा विषाणू त्याच्या साहाय्याने ओळखता येतात आणि अनेकदा मोजताही येतात. सजीवांच्या जवळजवळ सर्व पेशींवर शर्करांच्या साखळ्यांचे आवरण असते. रोगजंतू पेशीला प्रथम भिडतात ते बहुधा या आवरणालाच. पेशीऐवजी सोन्याचा पातळ थर, काच, क्वार्ट्झचा स्फटिक किंवा कार्बनची सूक्ष्म नळी घेऊन तिच्यावर त्याच शर्करा चढवल्या, तर जंतू तिलाही पेशी समजून चिकटतो. या चिकटण्याचे रूपांतर रंग, प्रकाश, कंपन किंवा विद्युत प्रवाह यांतील बदलात केले, की संवेदक तयार होतो.

या संशोधनामागे एक व्यावहारिक निकड आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग झाल्याची शंका आली, की नमुन्यातील जिवाणू पोषक माध्यमावर वाढवून पाहावे लागतात आणि निदान हाती यायला साधारणतः एक ते दोन दिवस लागतात. तेवढ्या काळात डॉक्टरांना अंदाजानेच प्रतिजैविक द्यावे लागते. अशा अंदाजी औषधयोजनेमुळे जिवाणूंमधील औषधरोध वाढण्यास हातभार लागतो. तासाभरात उत्तर देणारे, शीतपेटीशिवाय टिकणारे आणि स्वस्त साधन मिळावे, हा शर्करालेपित संवेदकांच्या शोधामागील प्रमुख हेतू आहे.

नाव आणि व्याप्ती

या नावामुळे दोन गैरसमज संभवतात. मधुमेहींच्या परिचयाचे ग्लुकोमापी हे शर्करालेपित नसून शर्करामापक उपकरण आहे. त्यात शर्करा ओळखणारे विकर (एन्झाइम) बसवलेले असते आणि रक्तातील ग्लुकोज हा मोजावयाचा पदार्थ असतो. लीलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या विकर-विद्युतअग्राच्या कल्पनेतून ही उपकरणे विकसित झाली आणि जैवसंवेदकांच्या इतिहासाचा आरंभही सामान्यतः तेथूनच धरला जातो. शर्करालेपित संवेदकात भूमिका उलट्या होतात. येथे शर्करा हे आमिष असते आणि तिला धरणारे प्रथिन हे सावज. पृष्ठभागावर लेक्टिन बसवून पेशीवरील शर्करा ओळखणारे संवेदकही आहेत, परंतु त्यांचा वर्ग वेगळा मानला जातो.

दुसरा गैरसमज ‘लेप’ या शब्दामुळे होतो. हा लेप पेढ्यावरच्या साखरेसारखा नसतो. त्याची जाडी बहुधा एका रेणूइतकीच, म्हणजे काही नॅनोमीटर असते. स्वयंपाकघरातील साखरही (सुक्रोज) येथे सहसा उपयोगाची नाही. मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्युकोज, लॅक्टोज, सायॅलिक आम्ल आणि त्यांच्या लहान साखळ्या यांचाच वापर प्रामुख्याने होतो. अशा साखळ्यांना ग्लायकन असे म्हणतात.

जैविक आधार

शर्करा म्हणजे शरीराचे इंधन, एवढीच ओळख शालेय पुस्तकांतून होते. तिचे दुसरे कार्य ओळखचिन्हाचे आहे आणि त्यासाठी लागणारी विविधता तिच्या रचनेतच आहे. एकाच प्रकारची दोन अमिनो आम्ले जोडली तर एकच द्विपेप्टाइड मिळते. ग्लुकोजची दोन षट्कोनी वलये मात्र ११ निरनिराळ्या प्रकारांनी जोडता येतात. कोणत्या क्रमांकाचा कार्बन कोणाला जोडला आणि जोड अल्फा की बीटा दिशेने झाला, यावर हा फरक अवलंबून असतो. हा फरक केवळ कागदावरचा नाही. स्टार्चमधील अल्फा जोड माणसाला पचतो, तर लाकडातील सेल्युलोजचा बीटा जोड पचत नाही, जरी दोन्ही पदार्थ ग्लुकोजचेच बनलेले असले तरी. शर्करांच्या साखळ्यांना फांद्याही फुटतात, त्यामुळे थोड्या घटकांतून फार मोठी चिन्हसंख्या निर्माण होते.

ही चिन्हे वाचणाऱ्या प्रथिनांना लेक्टिने म्हणतात. त्यांच्या शोधाची सुरुवात एरंडाच्या बीपासून झाली. डॉर्पाट (आजचे एस्टोनियातील तार्तू) विद्यापीठातील पीटर हेर्मान श्टिलमार्क यांनी १८८८ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात एरंडाच्या बियांतील विषारी प्रथिन, म्हणजे रिसिन, तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करते असे दाखवले. गुठळ्या होण्याच्या या क्रियेला समूहन म्हणतात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी १९१९ मध्ये अबईच्या बियांतून कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए हे प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९३६ मध्ये त्यांनी व हॉवेल यांनी त्याचे समूहन शर्करेमुळे थांबते असे नोंदवले. मॅनोज व ग्लुकोज धरणारे हे लेक्टिन पुढे शर्करालेपित संवेदकांच्या प्रयोगशाळांतील नित्याचे चाचणी-प्रथिन झाले. आज नव्या संवेदकाची पहिली परीक्षा बहुतेक वेळा त्याच्यावरच घेतली जाते. काही बियांचे अर्क विशिष्ट रक्तगटाच्याच पेशींच्या गुठळ्या करतात, हे लक्षात आल्यावर विल्यम बॉइड यांनी १९५४ मध्ये ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून लेक्टिन हे नाव सुचवले.

लेक्टिने केवळ वनस्पतींत नसतात. माणसाच्या शरीरात गॅलॅक्टोजयुक्त साखळ्या धरणारी गॅलेक्टिने आहेत. इन्फ्लुएंझा विषाणूचे हिमॅग्लुटिनिन हे सायॅलिक आम्ल धरणारे लेक्टिनच होय. १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांनी हा विषाणू कोंबडीच्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतो असे दाखवले होते आणि त्यावर आधारलेली चाचणी अजूनही वापरात आहे. रक्तपेशी हाच एका अर्थी पहिला शर्करालेपित संवेदक होता असे म्हणावयास हरकत नाही. नंतरच्या संशोधकांनी त्या पेशीच्या जागी मानवनिर्मित पृष्ठभाग आणला.

एका हाताची आणि अनेक हातांची पकड

शर्करा आणि लेक्टिन यांच्यातील एकट्या जोडीचा बंध दुर्बळ असतो. कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए आणि मॅनोजचा साधा संयुग यांच्या बाबतीत निम्मी स्थाने भरण्यासाठी साधारणपणे एकदशांश मिलिमोलर एवढी संहती लागते. चांगल्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) हेच काम तिच्या लक्षांश किंवा त्याहूनही कमी संहतीत जमते. या एका गोष्टीमुळे शर्करा संवेदकासाठी निरुपयोगी ठरली असती. परंतु निसर्गात पेशी आणि जंतू एकमेकांना एका रेणूने धरत नाहीत. लेक्टिनाला बहुधा दोन, चार किंवा पाच बंधस्थाने असतात आणि जिवाणूच्या अंगावर तर असे शेकडो हात असतात. कापडाच्या दोन पट्ट्यांवरील आकडे आणि फासे परस्परांत अडकून पक्का चिकटपट्टा होतो. त्यातला एक आकडा सहज सुटतो, पण सगळे मिळून सोडवताना हाताला जोर लावावा लागतो. अनेक दुर्बळ बंध एकाच वेळी जुळल्याने मिळणाऱ्या या वाढीव पकडीला बहुसंयुजी बंधन किंवा शर्करागुच्छ परिणाम असे म्हणतात.

संवेदक घडवणाऱ्याचे बरेचसे कौशल्य येथे पणाला लागते. शर्करा फार विरळ बसवल्या तर लेक्टिनाची दोन बंधस्थाने एकाच वेळी भरत नाहीत. फार दाट बसवल्या तर त्या एकमेकींना झाकतात आणि प्रथिनाला आत शिरायला वाव राहत नाही. योग्य घनता प्रत्येक लक्ष्यासाठी निराळी असते आणि ती प्रयोगानेच ठरवावी लागते.

रचना

सर्वाधिक प्रचलित पृष्ठभाग सोन्याचा आहे. गंधकाचा अणू असलेली संयुगे सोन्यावर आपोआप शिस्तीत उभी राहून एकरेण्वीय थर तयार करतात, हे राल्फ नुझो व डेव्हिड अल्लारा यांनी १९८३ मध्ये दाखवले. अशा रेणूच्या एका टोकाला गंधक आणि दुसऱ्या टोकाला शर्करा जोडली, की सोन्याचा पत्रा द्रावणात बुडवून ठेवणे एवढेच काम उरते. दोन टोकांमधील दुव्याची लांबी महत्त्वाची असते. आखूड दुव्यावरची शर्करा पृष्ठभागाला खेटून राहते आणि लेक्टिनाच्या खोबणीपर्यंत पोहोचत नाही.

शर्करांच्या मधल्या मोकळ्या जागेत बहुधा इथिलीन ग्लायकोलच्या साखळ्या बसवतात. त्या पाणी धरून ठेवतात व इतर प्रथिनांना चिकटू देत नाहीत. रक्तद्रवात प्रथिनांची गर्दी असते आणि ती उघड्या सोन्यावर काही क्षणांत जमतात. या अनाहूत पाहुण्यांना थोपवणे जमले नाही, तर संवेदक सर्वच नमुन्यांना होकार देऊ लागतो.

चिकटण्याचे संकेतात रूपांतर

वजन मोजणारी पद्धत सर्वांत सरळ आहे. क्वार्ट्झच्या पातळ चकतीला विद्युत दाब दिला की ती ठरावीक कंपनसंख्येने कंप पावते. तिच्यावर काही जमले की कंपनसंख्या घटते. ग्युंटर झाउएरब्राय यांनी १९५९ मध्ये या घटीचे वस्तुमानाशी असलेले प्रमाण मांडले. त्यानुसार ५ मेगाहर्ट्झच्या चकतीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७.७ नॅनोग्रॅम भार जमला की कंपनसंख्या १ हर्ट्झने उतरते. प्रथिनांच्या पातळ, घट्ट थरासाठी हा हिशेब चांगला जुळतो. जिवाणूंसाठी मात्र तो फसवा ठरू शकतो. जिवाणू हा मऊ, द्रवाने भरलेला आणि मोजक्या बिंदूंवर टेकलेला गोळा असल्यामुळे तो चकतीबरोबर एकजीव होऊन हलत नाही. काही परिस्थितीत जिवाणू चिकटल्यावर कंपनसंख्या उतरण्याऐवजी चढलेली आढळते. केवळ सूत्रात आकडे घालून जिवाणूंची संख्या काढणाऱ्या अहवालांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे लागते.

प्रकाशीय पद्धतींत पृष्ठ-प्लाझमॉन अनुस्पंदन ही प्रमुख होय. सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या थरावर विशिष्ट कोनातून पडलेला प्रकाश शोषला जातो आणि थरावर काही चिकटताच हा कोन बदलतो. बो लिडबर्ग, क्लेस निलँडर व इंगेमार लुंडस्ट्रम यांनी १९८३ मध्ये जैवसंवेदनासाठी तिचा उपयोग दाखवला. १९९० पासून ही उपकरणे बाजारात आहेत. रंगद्रव्य न जोडता बंध कसा जुळतो आणि कसा सुटतो हे क्षणाक्षणाला पाहता येते, हा तिचा मोठा गुण. तिची नजर मात्र सोन्यापासून काहीशे नॅनोमीटरपर्यंतच पोहोचते, तर जिवाणू एक-दोन मायक्रोमीटर लांब असतो. त्यामुळे प्रथिन पूर्ण दिसते, जिवाणूचा केवळ तळ.

नुसत्या डोळ्यांनी दिसणारा संकेत हवा असेल तर सोन्याचे नॅनोकण उपयोगी पडतात. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये अभ्यासलेल्या सोन्याच्या तांबड्या द्रावणांपासून या कणांचा परिचय आहे. सुमारे १५ ते २० नॅनोमीटरचे सुटे कण माणकासारखे तांबडे दिसतात आणि ते जवळ आले की द्रावण जांभळे-निळे होते. कणांवर शर्करा चढवून त्यात अनेक बंधस्थानांचे लेक्टिन टाकले, की लेक्टिन कणाकणाला सांधते आणि रंग पालटतो. जपानमधील काझुनोरी काताओका यांच्या गटाने २००१ मध्ये लॅक्टोज बसवलेल्या कणांनी एरंडातील लेक्टिन अशा रीतीने ओळखले. नंतर मोकळे गॅलॅक्टोज मिसळल्यावर कण पुन्हा सुटे झाले. रंगबदल खरोखर शर्करेमुळेच झाला याचा हा खात्रीचा पडताळा होता आणि तशीच चाचणी पुढील अनेक प्रयोगांत केली जाते.

रंगबदलाचे त्याहून आधीचे आणि बहुचर्चित उदाहरण डेबोरा चॅरिच व सहकाऱ्यांचे आहे. १९९३ मध्ये त्यांनी पॉलिडायअ‍ॅसिटिलीन या निळ्या बहुवारिकाच्या पटलात सायॅलिक आम्ल गुंफले. इन्फ्लुएंझाचा विषाणू त्याला चिकटताच पटलाच्या साखळ्यांवर ताण येऊन निळा रंग तांबडा झाला. यात आमिष आणि संकेत देणारा पदार्थ एकच होता. २००४ मध्ये मॅथ्यू डिझ्नी, पीटर झेबेर्गर, टिमोथी स्वॅगर व सहकाऱ्यांनी मॅनोज जोडलेल्या प्रदीप्त बहुवारिकाने एश्चेरिचिया कोलाय (ई. कोलाय) या जिवाणूचे थवे चमकवून दाखवले.

विद्युत पद्धतीत कार्बनच्या नॅनोनळ्या किंवा ग्रॅफीन यांवर शर्करा बसवतात आणि प्रथिन चिकटल्यावर वाहकतेत होणारा बदल मोजतात. पिट्सबर्ग विद्यापीठातील अलेक्झांडर स्टार यांच्या गटाने याविषयी बरेच काम केले आहे. येथे शर्करेचा लहान आकार हाच लाभ ठरतो. शरीरद्रवाइतक्या खारट द्रावणात विद्युतभाराचा प्रभाव जेमतेम एक नॅनोमीटरपर्यंत टिकतो, कारण भोवतालचे आयन त्याला झाकून टाकतात. प्रतिपिंड सुमारे दहा नॅनोमीटर उंच असल्याने त्याच्या शेंड्यावर काय अडकले हे खालच्या नळीला कळत नाही. शर्करेवर बसलेले प्रथिन त्या मानाने नळीच्या बरेच जवळ येते.

विषे आणि इतर प्रथिने

पटकीचे विष हे या पद्धतीचे सर्वांत यशस्वी लक्ष्य आहे. पटकीच्या जिवाणूंपासून वेगळ्या केलेल्या द्रवातच विष असते, हे कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. त्याआधी रोगाची सर्व लक्षणे जिवाणूच्या शरीराशी जोडली जात होती. डे यांच्या कामाची योग्य दखल त्यांच्या हयातीत फारशी घेतली गेली नाही, ही वैद्यकाच्या इतिहासातील एक खेदजनक बाब होय. जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले होते. या विषाच्या खालच्या भागात पाच सारखे घटक कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे वलयात मांडलेले असतात आणि प्रत्येक घटक आतड्याच्या पेशीवरील जीएम-१ या शर्करायुक्त मेदाला धरतो. जीएम-१ हाच विषाचा ग्राही होय, हे १९७० च्या दशकाच्या आरंभी निश्चित झाले. पाच ठिकाणी एकदम बसणारा हा बंध शर्करा-प्रथिन बंधांत अपवादात्मक घट्ट असतो. स्वीडनमधील यान होल्मग्रेन व लार्स स्वेनरहोल्म यांनी १९७३ मध्ये शोधकार्यात जीएम-१ चा असा उपयोग पुढे नेला. प्लास्टिकच्या खळग्यांना जीएम-१ चे अस्तर देऊन केलेली चाचणी पुढे अनेक प्रयोगशाळांत रुळली. संवेदक हा शब्द त्या चाचणीला लावला जात नसला तरी तत्त्व तेच आहे.

संपूर्ण जीएम-१ महाग असते. म्हणून इंग्लंडमधील डेव्हिड रसेल व रॉबर्ट फील्ड यांच्या गटाने २००७ मध्ये दुधातील स्वस्त लॅक्टोजपासून बनवलेल्या साध्या साखळ्या सोन्याच्या कणांवर चढवून पटकीचे विष रंगबदलाने ओळखले. जीएम-१ च्या तुलनेत लॅक्टोजची पकड ढिली असते. कणावर ती शेकडोंच्या संख्येने असल्यामुळे काम भागते. हगवणीच्या काही प्रकारांत आढळणारे शिगा विष गॅलॅक्टोजच्या अल्फा जोडावर बसते व त्यासाठीही असे पृष्ठभाग तयार केले गेले आहेत.

रिसिन हेही गॅलॅक्टोज धरणारे प्रथिन असल्याने त्याचा शोध घेणारे संवेदक विकसित झाले आहेत. एरंडेल तेलात रिसिन उतरत नाही, कारण ते पाण्यात विरघळणारे आहे. तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत मात्र ते राहते व उष्णता देऊन निष्प्रभ केल्याशिवाय ती पेंड गुरांना घालणे घातक ठरते. कच्च्या राजम्यातील लेक्टिनाने उलट्या होतात आणि पुरेसे शिजवल्यावर हा दोष जातो, हे त्याच कुळातील घरगुती उदाहरण होय.

जिवाणूंचा शोध

ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. त्यांतील पहिल्या प्रकारच्या तंतूंच्या टोकाला फिम-एच नावाचे प्रथिन असते आणि ते मॅनोज धरते. इत्झहाक ओफेक, डेव्हिड मिरेलमन व नाथन शॅरोन यांनी १९७७ मध्ये हे जिवाणू माणसाच्या पेशींना मॅनोजच्या साहाय्याने चिकटतात असे दाखवले. मूत्राशयाच्या अस्तरावर मॅनोजयुक्त साखळ्या असल्यामुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाचा आरंभ याच पकडीने होतो. मॅनोजलेपित पृष्ठभाग म्हणजे जिवाणूसाठी मूत्राशयाचीच नक्कल ठरते.

या पकडीचा एक गुण चमत्कारिक आहे. वेन्डी थॉमस, एव्हगेनी सोकुरेन्को, व्हिओला फोगेल व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असे दाखवले की, द्रवाचा प्रवाह वाढवला की फिम-एचची मॅनोजवरील पकड सैल होण्याऐवजी आवळते. मूत्राच्या धारेत वाहून न जाण्यासाठी जिवाणूला हे सोयीचे आहे. संवेदकालाही ते उपकारक ठरते, कारण वेगाने द्रव सोडला असता सैल चिकटलेली इतर घाण धुऊन जाते आणि ई. कोलाय जागेवर राहतो.

याच जिवाणूची दुसरी खोड मात्र संवेदकाला अडचणीत आणते. ई. कोलायच्या जनुकसंचात तंतूंची कळ उलटसुलट फिरवणारा एक छोटा तुकडा असतो. तो एका दिशेला असला की तंतू उगवतात आणि दुसऱ्या दिशेला फिरला की उगवत नाहीत. एकाच वसाहतीत तंतुधारी व तंतुहीन असे दोन्ही जिवाणू सापडतात. न ढवळलेल्या द्रव माध्यमात वाढवले तर तंतुधारींचे प्रमाण वाढते आणि घट्ट माध्यमावर ते घटते. प्रयोगशाळेत मुद्दाम तंतूंसाठी वाढवलेल्या जिवाणूंवर उत्तम चालणारा संवेदक रुग्णाच्या नमुन्यातील तंतुहीन जिवाणूंना ओळखेलच असे नाही. प्रकाशित अहवालांतील यशाचे आकडे वाचताना जिवाणू कसे वाढवले होते ही ओळ प्रथम पाहावी, असे या विषयातील जाणकार मानतात. पडताळ्यासाठी फिम-एच असलेला आणि नसलेला अशा जोडवाणांचा वापर करण्याची प्रथा याच कारणाने पडली.

स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू भाजलेल्या जखमांत व कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांत गंभीर संसर्ग करतो. त्याच्याकडे गॅलॅक्टोज धरणारे लेक-ए आणि फ्युकोज धरणारे लेक-बी अशी दोन लेक्टिने असून इस्राएलच्या नेखामा गिल्बोआ-गार्बर यांनी ती प्रथम शोधली. दोन शर्करांचे दोन ठिपके शेजारी ठेवल्यास दोन्ही संकेत मिळून ओळख अधिक खात्रीची होते.

अनेक ठिपक्यांची ही कल्पना २००२ च्या सुमारास आलेल्या शर्करा-सूक्ष्मपट्टांतून रुजली. काचेच्या एका पट्टीवर शेकडो ग्लायकनांचे ठिपके छापून नमुना त्यावरून फिरवतात आणि कोणते ठिपके उजळले यावरून जंतूचा ठसा मिळतो. पक्ष्यांतील इन्फ्लुएंझा विषाणू सायॅलिक आम्लाचा २-३ जोड पसंत करतात आणि माणसांत रुळलेले २-६ जोड पसंत करतात. पक्ष्यांतील विषाणूची पसंती बदलू लागली आहे काय, हे अशा पट्टांवर तपासता येते. शुएफेई हुआंग यांच्या गटाने २००७ मध्ये शर्करा बसवलेल्या चुंबकीय कणांनी पाण्यातील ई. कोलाय काही मिनिटांत ओढून वेगळे केले, शिवाय निरनिराळ्या शर्करांना मिळणाऱ्या प्रतिसादांवरून वाणही ओळखले. कोविड-१९ च्या साथीत, २०२० मध्ये, वॉरिक विद्यापीठातील मॅथ्यू गिब्सन यांच्या गटाने सायॅलिक आम्ल बसवलेल्या सोन्याच्या कणांची पट्टी-चाचणी तयार करून विषाणूचे काटा-प्रथिन ओळखता येते असे दाखवले. घरोघरी पोहोचलेल्या चाचण्या मात्र प्रतिपिंडांवर आधारलेल्याच राहिल्या.

प्रतिपिंडांशी तुलना

प्रतिपिंड हे मोठे, घडी पडलेले प्रथिन असल्याने उष्णतेने त्याची घडी मोडते. लहान शर्करारेणूला अशी घडीच नसते. कोरडी पट्टी सामान्य तापमानात टिकण्याची शक्यता त्यामुळे वाढते, वापरलेला पृष्ठभाग मोकळ्या शर्करेने धुऊन पुन्हा वापरता येतो आणि प्रतिपिंडांसाठी लागणारे प्राणी किंवा पेशीसंवर्धन टळते. आणखी एक मुद्दा जंतूंच्या उत्क्रांतीचा आहे. प्रतिपिंडाला चुकवण्यासाठी जंतू आपले बाह्यरूप सहज पालटतो, परंतु यजमानाची शर्करा धरणारी खोबण पालटली तर संसर्ग करण्याची त्याची क्षमताच बाधित होते.

निवडकपणात मात्र प्रतिपिंड सरस आहे. मॅनोज धरणारी प्रथिने व जिवाणू अनेक आहेत. ‘मॅनोज धरणारे काहीतरी आहे’ एवढेच एक ठिपका सांगतो.

मर्यादा

संवेदनक्षमतेचा प्रश्न संख्येचा आहे. अनेक शर्करालेपित संवेदकांना दर मिलिलिटरला हजार ते दहा हजार जिवाणू असले तर ते जाणवतात. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी एडवर्ड कास यांच्या १९५० च्या दशकातील अभ्यासापासून दर मिलिलिटरला एक लाख ही संख्या प्रमाण मानली जात आली आहे, त्यामुळे तेथे हे संवेदक पुरे पडू शकतात. रक्तातील जंतुदोषात प्रौढांच्या एका मिलिलिटर रक्तात अनेकदा दहाहून कमी जिवाणू असतात. तेथे आधी जिवाणू वाढवणे किंवा एकवटणे भाग पडते आणि वाचवलेला वेळ पुन्हा खर्ची पडतो. जेथे तासातासाला मृत्यूचा धोका वाढतो, नेमक्या तेथेच हे साधन अद्याप अपुरे आहे.

नमुन्यातील शर्कराही अडथळा आणतात. गायीच्या दुधात साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज असते, त्यामुळे गॅलॅक्टोज धरणाऱ्या लक्ष्याची खोबण संवेदकाकडे येण्यापूर्वीच भरलेली असते. मूत्रात युरोमोड्युलिन नावाचे मॅनोजयुक्त प्रथिन असते. ते ई. कोलायला धरून शरीराबाहेर नेते, म्हणजे शरीराचे स्वतःचेच आमिष होय. संवेदकाच्या दृष्टीने मात्र ते स्पर्धक ठरते. नमुना आधी धुऊन किंवा गाळून घेणे हा उपाय आहे, पण प्रत्येक वाढीव पायरीबरोबर चाचणी दवाखान्यातून पुन्हा प्रयोगशाळेकडे सरकते. इन्फ्लुएंझाच्या बाबतीत विषाणूचे न्यूरॅमिनिडेज हे विकर सायॅलिक आम्लच कापून टाकते. जोडातील ऑक्सिजनच्या जागी गंधक घालून ही कापणी रोखता येते.

आवश्यक ग्लायकन मिळवणे हे सर्वांत खर्चिक काम आहे. प्रथिनांना जनुकाचा आराखडा असतो, शर्करांना नाही. प्रत्येक जोड योग्य स्थानी व योग्य दिशेने घडवण्यासाठी इतर स्थाने तात्पुरती झाकावी लागतात. झेबेर्गर यांच्या गटाने २००१ मध्ये शर्करासाखळ्या यंत्राने जोडण्याची रीत प्रसिद्ध केल्यावर हे काम बरेच हलके झाले. तरीही अनेक प्रयोग मॅनोज व लॅक्टोज यांभोवतीच फिरतात, याचे एक कारण त्या स्वस्त मिळतात हेही आहे.

भारतातील संशोधन

लेक्टिनांच्या मूलभूत अभ्यासाची भारतात भक्कम परंपरा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अवधेश सुरोलिया व एम. विजयन यांनी भुईमुगाच्या लेक्टिनाची आणि फणसाच्या आठळ्यांतील जॅकॅलिन या लेक्टिनाची रचना उलगडली. भुईमुगाच्या लेक्टिनाचे चार घटक अपेक्षित सममितीत बसत नाहीत, ही त्यांतील लक्षणीय बाब होती. लेक्टिन शर्करेला नेमके कोठे व कसे धरते याचे हे ज्ञान संवेदकांच्या आखणीत उपयोगी पडते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर) राघवेंद्र किक्केरी यांच्या गटाने शर्करा जोडलेल्या धातुसंयुगांचा व नॅनोकणांचा वापर करून लेक्टिने व पेशी यांच्याशी होणाऱ्या बंधांचा अभ्यास केला आहे.